बॅकअप आहे ना? आहे की!

दोन प्रश्नांना मराठी माणूस विचार न करता ‘हो हो’ म्हणतो. एक, ‘जेवून आलात ना?’ आणि दुसरा, ‘बॅकअप घेतलाय ना?’ पहिल्या ‘हो हो’वर यजमानाचा विश्वास बसत नाही, तो आत पोहे टाकायला सांगतो. दुसऱ्यावर सगळ्यांचा बसतो. ‘दाखवा बघू उघडून’ म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे फुकटचे सुरक्षा-अपडेट थांबवले. ज्यांना हवं त्यांनी नाव नोंदवून वर्षभराची मुदतवाढ घ्यावी, नाहीतर विंडोज ११ वर यावं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि प्रोसेसरही कंपनीच्या यादीतलाच लागतो. त्यामुळे टॅली, टायपिंग आणि पत्त्यांचा डाव व्यवस्थित सांभाळणारी लाखो मशीन एका तारखेला बाद झाली. बिघडली नाहीत, नुसती बाद झाली. सरकारी नोकरीत याला नियत वयोमान म्हणतात. तिथं निदान निरोपसमारंभ होतो, शाल मिळते.

मग नवा कॉम्प्युटर येतो. जुन्यातले फोटो त्यात जातात. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटची सीडी आणि सीडीची फाइल केलेली असते, तीही जाते. मुलानं कधीकाळी कुठून कुठून उतरवलेले सिनेमे बिनबोभाट जातात. अडतात त्या तीनच गोष्टी: मेल, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्स. म्हणजे अक्षरं आणि आकडे. बरं, यांची ने-आण करायचे सर्वमान्य नमुने नाहीत म्हणावं तर तेही आहेत. पत्त्यांसाठीचं व्हीकार्ड नव्वदच्या दशकातलं, तारखांसाठीचं आयकॅलेंडर १९९८ चं. दोन्ही खुले, दोन्ही फुकट. तरी शेजाऱ्याचा वाढदिवस या खोक्यातून त्या खोक्यात न्यायला अख्खा रविवार पुरत नाही.

मुळात ही मेल आपल्या खोक्यात आलीच कशाला, असं आजच्या पोरांना वाटेल. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. ते तासांच्या हिशेबानं मिळायचं, वर तेवढा वेळ घरचा फोन अडकायचा. म्हणून मोडेमची केकाटणी ऐकत जोडायचं, मेल खाली ओढायची, लाइन तोडायची आणि मग सावकाश वाचायची. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांची हॉटमेल १९९६ मध्ये आली. ती फुकट होती, पण पेटी दोन एमबीची. आजच्या फोननं काढलेला डोसाही तिच्यात मावला नसता. सर्व्हरवर जागाच नाही म्हटल्यावर मेल घरी आणून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पीओपी नावाची पद्धत तेच करायची: मेल तुमच्याकडे आणायची आणि सर्व्हरवरची पुसून टाकायची. ‘सर्व्हरवर प्रत राहू द्या’ असा एक चौकोन होता खरा. पण तो कुठल्याशा खिडकीच्या शेवटच्या टॅबमध्ये होता, आणि तिथवर जाणारा माणूस एकंदरीतच बॅकअपची काळजी करणारा नसायचा. जीमेलनं १ एप्रिल २००४ ला एक जीबी देऊ केली तेव्हा पुष्कळांना ते एप्रिल फूल वाटलं. तोपर्यंत, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं, कचेऱ्यांची, संस्थांची, सोसायट्यांची मेल एकाच ठिकाणी साचत गेली: आउटलुकच्या पीएसटी फाइलमध्ये.

पीएसटीत सगळं असतं. मेल, तारखा, पत्ते, कामांच्या याद्या, एकाच फाइलीत गच्च. जुन्या पीएसटीला दोन जीबीची मर्यादा होती. ती ओलांडली की फाइल रुसायची, पुष्कळदा उघडायचीच नाही. त्यावर मायक्रोसॉफ्टनं काढलेलं औषध म्हणजे फाइल छाटायचं साधन. शेपटी कापायची, उरलेलं दुरुस्त करायचं. शेपटीत काय होतं? ते शेपटीबरोबर. पुढं २००३ च्या आउटलुकमध्ये मर्यादा वीस जीबी झाली आणि २०१० मध्ये पन्नास. म्हणजे आता एका दमात पन्नास जीबी हरवायची सोय झाली.

आमच्या सोसायटीचं ऑफिस जिन्याखाली आहे, मीटर-रूमला लागून. भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी तिथं नवा कॉम्प्युटर आला. सेक्रेटरी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले, म्हणजे प्रत्येक कागदाच्या तीन प्रती ठेवणारे. हार्डवेअरवाला पोरगा सॅक उतरवून खाली बसला आणि त्यानं तो प्रश्न विचारला.

‘काका, बॅकअप आहे ना?’

‘आहे की! डी ड्राइव्हला.’

‘कुठल्या?’

‘याच्याच.’

सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग. डिस्क गेली की दोघं एकाच तिरडीवरून जातात. पण ‘महत्त्वाचं आहे, डीला टाक’ या मंत्रावर आपल्याकडं कचेऱ्यांची एक पिढी पोसली गेली, आणि त्याला आधारही होता. व्हायरसनं विंडोज झोपवलं की असाच एखादा पोरगा यायचा, सी फॉरमॅट मारायचा आणि डी सहीसलामत वाचायची. असं तीन-चारदा झालं की माणसाची श्रद्धा बसते.

पोरग्यानं डी उघडली. ‘बॅकअप’, ‘बॅकअप न्यू’, ‘बॅकअप न्यू फायनल’ आणि ‘न्यू फोल्डर (४)’. चारांतही माय डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप. मेल एकातही नाही. कारण त्या जुन्या आउटलुकची पीएसटी राहते ती अ‍ॅपडेटा नावाच्या फोल्डरात, आणि तो विंडोज लपवून ठेवतं. कुणी चुकून पुसू नये म्हणून. त्यामुळं कुणी चुकून त्याची कॉपीही काढत नाही.

शेवटी फाइल सापडली. सहा जीबी. सेक्रेटरींनी खिशातून बत्तीस जीबीचा पेन ड्राइव्ह काढून दिला. कॉम्प्युटर म्हणाला, फाइल मोठी आहे, मावत नाही.

‘बत्तीसात सहा मावत नाही?’ बँकेतल्या माणसाला हा हिशेब झेपेना.

‘जागा आहे काका, पण एक फाइल चारपेक्षा मोठी चालत नाही. फॅट थर्टीटू आहे. फॉरमॅट मारावा लागेल.’

‘अरे, त्यात आरत्या आहेत गणपतीच्या. सगळ्या एमपीथ्री.’

‘त्यांचा बॅकअप आहे ना?’

‘आहे की!’

इथं मला जिन्यातली लाल नळकांडी आठवली. प्रत्येक मजल्यावर एक, आग विझवायची. कुणाला वापरता येत नाहीत, वापरून कुणी पाहिलेली नाहीत, पण भिंतीवर आहेत म्हणून सगळे गाढ झोपतात. बॅकअपचं तेच. फरक एवढाच की नळकांड्यांबद्दल कायदा निदान जानेवारीत आणि जुलैत प्रमाणपत्र मागतो, कागदावर का होईना. बॅकअपबद्दल कुणी काही मागत नाही.

आणि त्या सहा जीबीत सोसायटीचा जीव अडकलेला होता. बिल्डरनं २०११ मध्ये पाठवलेली मेल, ‘कन्व्हेयन्सची कागदपत्रं लवकरच करून देतो’ असं लिहिलेली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची ठेकेदाराची गॅरंटी. लिफ्टवाल्यांशी झालेली सगळी खडाजंगी. हे उद्या कोर्टात न्यायचं झालं तर नुसती प्रिंट काढून भागत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५ ब कलमाखाली असायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली असतं. ही मेल कुठल्या यंत्रावर होती, कशी बाहेर काढली, हे कुणीतरी सही करून सांगायचं. ‘न्यू फोल्डर (४)’ असं लिहून सही कोण करणार?

हे चाललेलं असताना दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ आपली हार्ड डिस्क घेऊन खाली उतरले. पोरगा आलाच आहे तर आमचंही बघ, या भावनेनं. नोकरीच्या शेवटच्या दिवशी ऑफिसच्या लॅपटॉपवरून त्यांनी आपली सगळी मेल जपून आणली होती. फाइल होती ओएसटी. पीएसटी आणि ओएसटी, अक्षराचा फरक. पण ओएसटी म्हणजे सर्व्हरवरच्या पेटीची त्या एका मशीनपुरती, त्या एका खात्यापुरती ठेवलेली प्रत. खातं बंद झालं, लॅपटॉप परत गेला, की ती फाइल दुसऱ्या मशीनवरचं आउटलुक उघडत नाही. खातं तर निरोपाच्या चहाआधीच बंद झालं होतं. गृहस्थ बराच वेळ त्या फाइलीच्या चिन्हावर डबल क्लिक करत राहिले. साहेबानं केलेलं कौतुक, टीमनं पाठवलेल्या शुभेच्छा, सगळं आत आहे. आकारही दिसतो, अकरा जीबी. दार तेवढं नाही.

अशा दुःखावर एक स्वतंत्र बाजारपेठ उभी आहे. ओएसटीचं पीएसटी करून देणारे, पीएसटीचं आणखी कशाचं तरी करून देणारे, मोडलेली फाइल जोडून देणारे. पद्धत सगळ्यांची एकच. फुकटची आवृत्ती तुमची सगळी मेल तुम्हाला दुरून दाखवते. विषय दिसतात, पाठवणाऱ्याची नावं दिसतात. बाहेर काढायला गेलात की पहिली काही पत्रं हातात देऊन उरलेल्यांसाठी डॉलरमधला आकडा समोर येतो. खंडणीवाल्यांचीही रीत साधारण हीच, फक्त ते असं ‘फ्री ट्रायल’ म्हणत नाहीत.

पण दोष एकट्या बाजाराला का द्या? घरात घ्यायला सगळ्या कंपन्यांची दारं सताड उघडी असतात. नवीन खातं दोन मिनिटांत. बाहेर पडताना मात्र खिडकीतून, आणि सामान गजांतून जाईल तेवढंच. विंडोजमधलं साधं मेल आणि कॅलेंडर मायक्रोसॉफ्टनं ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलं आणि त्या जागी ‘नवं आउटलुक’ आणलं. जुनं आउटलुकही आहेच. दोघांचं नाव आउटलुक, दोघांचं चिन्ह निळं. नव्याला सुरुवातीला पीएसटी उघडताच येत नव्हती. मायक्रोसॉफ्टनंच जन्माला घातलेली फाइल मायक्रोसॉफ्टच्याच नव्या घरात परकी! पुढं हळूहळू, तुकड्यातुकड्यानं उघडू लागली, तेव्हाही अट अशी की त्याच मशीनवर जुनं आउटलुक बसवलेलं हवं. म्हणजे नव्या सुनेला स्वयंपाक येतो, फक्त सासूबाई ओट्यापाशी उभ्या पाहिजेत.

गूगलचं दिसायला बरं आहे. तिथल्या काही इंजिनियरांनी २००७ मध्ये ‘डेटा लिबरेशन फ्रंट’ असं एखाद्या भूमिगत संघटनेला शोभेल असं नाव घेऊन गट काढला आणि २०११ मध्ये ‘टेकआउट’ सुरू झालं. तुमचं सगळं तुम्हाला बांधून मिळतं, खरंच मिळतं. मेल मिळते ती एमबॉक्स नावाच्या फाइलीत. हा नमुना जुनाजाणता, थंडरबर्ड स्वतः त्याच पद्धतीनं मेल साठवतो. पण ती फाइल घेऊन आउटलुकच्या दारात गेलात तर ते ओळख दाखवत नाही. मुक्ती मिळाली, पुढं जायचं कुठं ते तुमचं तुम्ही बघा.

मग कुणीतरी शहाणा म्हणतोच, ‘आता कशाला हे सगळं? क्लाउडवर ठेवा.’ ठेवा की! आयमॅप पद्धतीत मेल सर्व्हरवरच राहते, फोनवर, लॅपटॉपवर, सगळीकडं तीच दिसते. आणि एका ठिकाणी पुसली की सगळीकडून तीच जाते. नातवानं आजोबांच्या टॅबलेटवर खेळता खेळता इनबॉक्स साफ केला, तर आजोबांचं ऑफिसही साफ. हा बॅकअप नव्हे. ही एकाच पत्राची चार ठिकाणी एकदम पडलेली सावली. शिवाय गूगलची फुकटची पंधरा जीबी मेल, फोटो आणि ड्राइव्ह यांच्यात सामाईक आहे. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही पूर्वी यात धरत नसत, आता धरतात. पेटी भरली की जीमेल नवी मेल घेत नाही. म्हणजे फॅमिली ग्रुपवरच्या सुप्रभातच्या गुलाबांनी जागा व्यापायची आणि पीएफच्या मेलनं बाहेरून परत जायचं. गुलाबांचा बॅकअप मात्र रोज रात्री दोन वाजता नियमानं होतो.

आमचा पोरगा कसलेला निघाला. त्यानं सॅकमधून स्वतःची हार्ड डिस्क काढली, आउटलुक बंद केलं, कारण ते चालू असताना फाइल हलत नाही, आणि पीएसटी उचलली. नव्या मशीनवर जुन्या धाटणीचं आउटलुक बसवलं आणि तिथं ‘इम्पोर्ट’च्या नादी न लागता सरळ ती फाइल उघडली. इम्पोर्ट दोनदा झालं की प्रत्येक मेल दोनदा, हे त्याला अनुभवानं ठाऊक असावं. आणि जुनं मशीन महिनाभर कुणाला देऊ नका, भंगारवाल्याला तर नाहीच, असं त्यानं दोनदा बजावलं. एवढं ऐकलं तरी या सदरातला उपयुक्त भाग संपला.

मेल आली. मग सेक्रेटरी म्हणाले, ‘माझ्या फोनमधले नंबरही यात घे.’

इथून खरा तमाशा. फोननं सगळी नावं एकाच व्हीकार्ड फाइलीत बांधून दिली. पाचशेच्या वर माणसं. फाइल नव्या कॉम्प्युटरवर आली, आउटलुकला दिली, आउटलुकनं एक क्षणही विचार न करता ‘झालं’ म्हटलं. बघतो तर आत एकच नाव: ‘अँब्युलन्स’. जुन्या आउटलुकची ही प्रसिद्ध खोड आहे. एका फाइलीत कितीही माणसं कोंबा, ते पहिलं उचलतं आणि बाकीच्यांकडं पाठ फिरवतं. अकारविल्हे यादीत पहिली आली अँब्युलन्स, म्हणून ती एकटी आली. तसं पाहिलं तर ज्येष्ठ नागरिकांच्या सोसायटीत एवढं पुरेही.

पण सेक्रेटरींना समाधान नव्हतं. मग दुसरा मार्ग, सीएसव्ही. म्हणजे स्वल्पविराम घालून लिहिलेली साधी यादी. यादी साधी असते. वाटेत एक्सेल असतं. सेक्रेटरींना सवय, कुठलीही यादी आली की आधी एक्सेलमध्ये उघडून नजर टाकायची. एक्सेलला फोन नंबर समजत नाही, त्याला संख्या समजते. एक्क्याण्णव लावलेला बारा आकडी मोबाइल नंबर दिसला की त्याला वाटतं, ही तर खगोलशास्त्रातली भानगड. तो तिचं ‘९.१९८२ई+११’ करून टाकतो. त्यावर कुणी सवयीनं ‘सेव्ह’ दाबलं की मागचे आकडे कायमचे गेले. आणि मुंबईकडं अठ्ठ्याण्णव वीसनं सुरू होणारे नंबर मुबलक असल्यामुळं ए विंगमधल्या बऱ्याच कुटुंबांचा नंबर एकच झाला. लँडलाइनवाल्यांची वेगळीच तऱ्हा. संख्येच्या आधीच्या शून्याला किंमत नसते हे गणित एक्सेलला पक्कं ठाऊक आहे, म्हणून ०२२ चं २२ झालं.

आकड्यांचं हे, तर अक्षरांचं काय? आधीच्या सेक्रेटरी बाई मराठीच्या शिक्षिका होत्या. त्यांनी सभासदांची नावं आउटलुकमध्ये हट्टानं देवनागरीत भरली होती, ‘श्री.’ आणि ‘सौ.’सकट. पण आउटलुकची सीएसव्ही बाहेर पडताना जुन्या इंग्रजी वळणाच्या अक्षरसंचातून पडते, आणि त्यात नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी ते एक प्रश्नचिन्ह ठेवतं. त्यामुळं सभासदांची यादी अशी आली: ‘????. ???????? ??????’. टिंबं तेवढी शाबूत राहिली. खाली थकबाकीदारांची यादीही तशीच. इतका दिलासा थकबाकीदारांना कुठल्याच कमिटीनं दिला नव्हता.

नावं नीट आली तरी त्यांतला माणूस शोधणं सोपं नसतं. कंपन्यांनी कॉन्टॅक्टला नाव, मधलं नाव, आडनाव, हुद्दा, संस्था असे रकाने करून ठेवलेत. आपण एकच रकाना भरतो, पहिला. सेक्रेटरींच्या फोनमधले काही रहिवासी: ‘प्लंबर’, ‘प्लंबर २’, ‘प्लंबर २ घेऊ नये’, ‘लिफ्ट देशमुख’, ‘देशमुख लिफ्टवाले नव्हेत’, ‘वॉचमन जुना’, ‘वॉचमन जुना नवा नंबर’, ‘टँकर रात्री’. यांची आडनावानुसार वर्गवारी करायचं काम ज्या सॉफ्टवेअरकडं आलं, त्यानं ‘नये’ हे आडनाव धरलं आणि त्या प्लंबरला न च्या रांगेत नेऊन बसवलं. बिचारा तिथंच असेल. गरज लागेल तेव्हा प च्या रांगेत ‘प्लंबर २’ सापडेल, जो तोच आहे, आणि इशारा न मध्ये राहील.

खरं म्हणजे पुष्कळांचे कॉन्टॅक्ट्स कॉन्टॅक्ट्समध्ये नसतातच. ते असतात टाइप करताना खाली आपोआप उमटणाऱ्या यादीत. ‘रा’ लिहिलं की रजिस्ट्रार ऑफिसमधला राऊत. ही यादी जुनं आउटलुक एनकेटू नावाच्या वेगळ्याच फाइलीत ठेवायचं, आणि ती बॅकअपमध्ये घ्यायचं कुणाच्या गावीही नसतं. नव्या मशीनवर सेक्रेटरींनी ‘रा’ लिहिलं आणि थांबले. काही उमटलं नाही. ‘अरे, राऊत गेला,’ ते म्हणाले. चहा घेऊन आलेल्या वॉचमननं दचकून विचारलं, ‘कधी?’

जुन्या नोटिसांचा प्रश्न मात्र झटक्यात निकालात निघाला, कारण त्या वाचताच येईनात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मराठी टाइप करायची म्हणजे श्रीलिपी, आकृती, आयएसएम असं काहीतरी घेऊन करायची. विंडोज २००० पासून यंत्राला देवनागरी कळत होती, आपल्याला ते कळायला आणखी दहा वर्षं लागली. त्या फाँटांतला मजकूर आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचाच असतो, वरून मुखवटा मराठीचा. नव्या मशीनवर तो फाँट नाही, मुखवटा गळाला. २००९ ची वार्षिक सभेची नोटीस उघडली तर पडद्यावर मांजर कीबोर्डवरून चालून गेल्यासारखं काहीतरी उमटलं. सेक्रेटरींनी चष्मा वर करून ते पाहिलं आणि म्हणाले, ‘खाली सही माझीच आहे.’ सही स्कॅन केलेली होती.

उरलं कॅलेंडर. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ काढलं, तेव्हापासून मराठी घरात दर जानेवारीला कॅलेंडरचं स्थलांतर होतंच आहे. लागणारं साहित्य: खिळा, तोही जुनाच. मागच्या पानावरचा दुधाचा हिशेब नव्यावर येत नाही, पण तो डिसेंबरातच भागवलेला असतो. आउटलुकच्या कॅलेंडरला एवढा आटोपशीरपणा जमत नाही. एक तर नवं मशीन हे आपण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहोत अशा समजुतीत उघडलं. घड्याळ साडेबारा तास मागं. पोरग्यानं पत्ते, मेल सगळं झाल्यावर ते पाहिलं. तोवर ‘पूर्ण दिवस’ म्हणून नोंदवलेला प्रत्येक वाढदिवस दोन दिवसांवर पसरला होता, थोडा आदल्या दिवसावर, थोडा त्या दिवसावर. कारण आउटलुकच्या लेखी पूर्ण दिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र, आणि ही मध्यरात्र कोणत्या गावची हे ते विसरत नाही.

तिथी हा प्रकार तर या कॅलेंडरांना ठाऊकच नाही. २०१४ साली गणपती २९ ऑगस्टला आले. तेव्हाच्या सांस्कृतिक समितीतल्या कुण्या उत्साही तरुणानं ती नोंद करताना ‘दरवर्षी’ हा पर्याय निवडून ठेवला. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आली, दीड दिवसाचे गणपती २८ ला पाण्यात गेले, आणि २९ ला आउटलुकच्या पानावर ‘आज श्रींचे आगमन, सकाळी ९, ढोल सांगणे’. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळं चतुर्थी १४ सप्टेंबरवर गेली आहे. आउटलुकचा ढोल २९ ऑगस्टलाच वाजणार. अधिक महिना म्हणजे काय हे मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडला कुणी कळवलेलं दिसत नाही.

सगळं जागेवर बसलं असं वाटत असताना पडद्याच्या कोपऱ्यात रिमाइंडरची एक खिडकी उघडली. मग ती खाली खाली लांबत गेली. आधीच्या कमिट्यांनी आपापल्या तारखा वेगळ्या फाइलीत नोंदवल्या होत्या आणि आउटलुक गजर वाजवतं ते फक्त मुख्य फाइलीतल्या तारखांचे. नव्या मशीनवर तीच फाइल मुख्य झाली, आणि अकरा वर्षांचे तुंबलेले गजर एकदम वाजले. टाकी धुणे. ऑडिटरला फोन. पार्किंगचे पट्टे मारणे. बिल्डरला शेवटची नोटीस. बिल्डरला शेवटची नोटीस. बिल्डरला शेवटची नोटीस. प्रत्येकापुढं लाल अक्षरांत, किती उशीर झाला ते आठवड्यांत.

‘सगळी डिसमिस मारतो,’ पोरगा म्हणाला. सॅक त्यानं एका खांद्यावर घेतलीच होती.

‘थांब. वरची कुठली ती?’

‘गच्ची वॉटरप्रूफिंग, ठेकेदारास बोलावणे. दहा ऑगस्ट दोन हजार चौदा. पाचशे पंच्याऐंशी आठवडे उशीर.’

‘ती नको काढू. गळतंय अजून.’

‘मग स्नूझ करू? किती?’

‘जास्तीत जास्त किती देतो?’

यादीत सगळ्यात मोठी मुदत दोन आठवड्यांची होती. सेक्रेटरींनी स्वतः माउस हातात घेऊन ती निवडली.